वर्णपट येईपर्यंत थांब

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली अतिदूरच्या दीर्घिकांची यादी बारकाईने पाहिली. काम मन लावून केलं आहेस. पण वर्णपट, म्हणजे प्रकाशाची तरंगलांबीनुसार केलेली फोड, हाती येईपर्यंत यातल्या एकीलाही ‘सर्वांत दूरची’ म्हणू नकोस.

कारण तुला ठाऊक आहे. विश्वाच्या सुरुवातीच्या काळी दीर्घिकांभोवती उदासीन हायड्रोजन पसरलेला होता. 1216 अँगस्ट्रॉमहून कमी तरंगलांबीचा त्यांचा प्रकाश तो गिळून टाकतो. विश्वाच्या प्रसरणामुळे ही सीमा सरकते. रेडशिफ्ट म्हणजे तरंगलांबी किती ताणली गेली त्याचं माप; तो जितका मोठा, तितकी दीर्घिका दूर. तो 14 असेल तर सीमा 1.8 मायक्रॉनवर, म्हणजे सुमारे 18,000 अँगस्ट्रॉमवर येते. दीर्घिका एका फिल्टरमध्ये अजिबात दिसत नाही, पुढच्यात एकदम उजळते. आपण त्यावरून अंतर ठरवतो, आणि तिथेच फसगत होते.

2022 मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या प्रतिमांत सीईईआरएस-93316 ही दीर्घिका सापडली. रंगांवरून रेडशिफ्ट निघाला सुमारे 16, म्हणजे महास्फोटानंतर 25 कोटी वर्षंही झालेली नव्हती! 2023 मध्ये वर्णपट आला आणि तो आकडा 4.9 वर उतरला. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या तीव्र उत्सर्जनरेषा, म्हणजे ठरावीक तरंगलांबींवरचा त्यांचा झगझगीत प्रकाश, नेमक्या अशा फिल्टरांत पडल्या होत्या, की अतिदूरच्या दीर्घिकेचेच रंग दिसावेत. ही शंका काही अभ्यासकांनी आधीच मांडली होती, कारण तिच्या शेजारच्या दीर्घिकांचे रेडशिफ्ट 5 च्या आसपास होते. मला या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे शेजार पाहणं.

थांबल्याने हाती काय येतं, तेही बघ. जेड्स-जीएस-झेड14-0 या दीर्घिकेचा वर्णपट 2024 मध्ये आला आणि तिचं अंतर पक्कं झालं. पुढच्या वर्षी चिलीतल्या अल्मा दुर्बिणींना तिच्यात ऑक्सिजनची रेषा मिळाली. रेडशिफ्ट 14.18 असा काटेकोर ठरला. महास्फोटानंतर जेमतेम 30 कोटी वर्षांत ऑक्सिजन! तो ताऱ्यांच्या पोटातच घडतो, म्हणजे तिथे ताऱ्यांची निदान एक पिढी जन्मून मरून गेली होती. दीर्घिका इतक्या झपाट्याने कशा वाढल्या, हा खरा प्रश्न आहे. तुझ्या यादीतून मला त्याचं उत्तर हवं आहे, विक्रम नको.

तेव्हा आधी प्रत्येक उमेदवाराचा शेजार तपास. मग रेडशिफ्ट 5 धरून, धूळ आणि उत्सर्जनरेषा घालून प्रारूप पुन्हा बसव. त्यातही ज्या टिकतील, त्यांच्यासाठी वर्णपटाचा निरीक्षण-प्रस्ताव लिहायला घे. पहिला मसुदा मला पाठव, मी वाचतो.

तुझा,
सर