आधी मागची, मग चेंडू

बेटा,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समधून बाहेर पडताना तू संघाच्या डावपेचांची ती सात पानं माझ्या हातात कोंबलीस आणि "काका, सर ऐकतच नाहीत" म्हणताना तुझे डोळे भरून आले. मला तेव्हा काही बोलता आलं नाही. रात्री पानं दोनदा वाचली. हिरव्या पेनचे ते बाण बघून तुझा या संघावर किती जीव आहे ते कळलं, म्हणून स्पष्ट लिहितो.

तू लिहिलंयस: टू-थ्री झोन लावा, म्हणजे दोघी पुढे, तिघी मागे, प्रत्येकीने आपली जागा राखायची; तिघी शूटर एकदम उतरवा; शेवटच्या पाच मिनिटांत प्रेस करा, म्हणजे मैदानभर त्यांना चिकटून राहा. ठीक आहे. पण रिंगवर आदळून परत आलेला चेंडू कुणी घ्यायचा, हे सात पानांत कुठेच नाही, आणि तुमच्या मुली हरल्या त्या तिथेच. तिसऱ्या क्वार्टरमधला तो हल्ला आठव. त्यांचा शॉट हुकला, चेंडू त्यांच्याच हातात, शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घ्यायला मिळणारा वेळ, पुन्हा १४ सेकंदांवर. परत हुकला, परत त्यांच्याच हातात. तिसऱ्यांदा बास्केट. तुमच्या पाचही जणी माना वर करून रिंगकडे बघत उभ्या होत्या.

बॉक्स-आउट, बेटा. शॉट सुटला की वळायचं, गुडघे वाकवायचे, पाठीने मागची, म्हणजे त्यांच्या संघाची खेळाडू, शोधायची. ती पाठीला लागली की मग वर बघायचं. आधी मागची, मग चेंडू. झोनमध्ये तर हे आणखी अवघड, कारण तिथे जागा ठरलेली असते, माणूस नाही. कोण कुणाला अडवणार? तुझा झोन आज लावला तर ही गळती वाढेल. शिवाय ६.७५ मीटरवरून, म्हणजे तीन गुणांच्या रेषेवरून, हुकलेला शॉट लांब उडतो, म्हणजे रिंगपासून दूर खेळणाऱ्या गार्डलाही वळावंच लागतं. आणि आपल्या मुली बुटक्या आहेत हे कारण मला सांगू नकोस. त्याने माझं डोकं फिरतं.

मी कॉलेजकडून खेळायचो तेव्हा शॉट क्लॉक ३० सेकंदांचं होतं. फायनलला आम्ही एका गुणाने पुढे होतो, चार सेकंद उरले होते. त्यांच्या मुलाने शॉट घेतला आणि मी बघत राहिलो. चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटला. माझ्या खांद्यावरून एक हात आला, बोटांनी नुसता चेंडू ढकलला, आणि तो आत. त्या रात्री रामबागेपर्यंत पायी आलो. आईने वाढलेलं ताट तसंच राहिलं.

त्यानंतर इतकी वर्षं मी गॅलरीतून एकच ओरडत आलोय: आधी मागची! एका कोचने मला सगळ्यांसमोर सुनावलं, दोन हंगाम आमचं बोलणं बंद होतं. गप्प बसला असतास तर संघाबरोबर गेला असतास, असं घरचेही म्हणाले. गेलो असतो. पण दर सामन्यात तेच डोळ्यांसमोर घडत असताना तोंड शिवून बसणं मला जमलं नसतं, आणि मी म्हणत होतो ते बरोबरच होतं. चुकलं एवढंच, की हरल्या हरल्या बोललो आणि खेळाडूंसमोर बोललो. तू ते करू नकोस.

सात पानं सरांना पुन्हा देऊ नकोस. पुढच्या सामन्याला बास्केटच्या मागच्या बाजूला बस. त्यांचा शॉट सुटला की चेंडूकडे बघायचंच नाही. तुमच्या पाचपैकी किती जणी वळल्या तेवढा आकडा वहीत लिहायचा. जड जाईल, मान आपोआप वर जाते. तरी तीन सामने कर. मग सरावाच्या दिवशी सरांना ते एकच पान दाखव आणि विचार: शॉट हुकल्यावर जमिनीवर टप्पा पडेपर्यंत चेंडूला कुणी हात लावायचा नाही, असा दहा मिनिटं सराव घेता येईल का? चेंडू सुखरूप खाली पडला म्हणजे पाचही जणींनी आपापली मागची अडवली. ते नाही म्हणाले तर रडू नकोस, चौथा सामना मोज.

झोनचं नंतर बघू. शुक्रवारी संध्याकाळी मी मैदानावर आहे. कोरी वही घेऊन ये. तुमच्या त्या उंच सेंटरचा डावा पाय वळताना कुठे पडतो, ते तुला तिथूनच दाखवतो.

तुझा,
काका