पाकिस्तानचा अष्टपैलू शादाब खान याची कारकीर्द कशी घडली?

मियाँवाली येथे 1998 साली जन्मलेल्या शादाबने मार्च 2017 मध्ये ब्रिजटाऊनला वेस्ट इंडीजविरुद्धच्या पहिल्याच टी-20 सामन्यात 7 धावांत 3 बळी घेतले. त्याच वर्षी चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पंचांनी युवराजसिंगला नाबाद ठरवल्यावर, अवघ्या अठरा वर्षांच्या या लेगस्पिनरने कर्णधार सरफराजला फेरतपासणी मागण्यास भाग पाडले आणि बळी मिळवला. पुण्याचा केदार जाधवही त्यालाच बाद झाला, हे आपल्याकडे अनेकांना आठवत असेल. 2021 च्या टी-20 विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात त्याने ऑस्ट्रेलियाचे 4 बळी टिपले. मात्र माझ्या मते, त्याचे अष्टपैलुत्व खऱ्या अर्थाने 2022 मध्ये सिडनीला दिसले : दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 22 चेंडूंत 52 धावा आणि 2 बळी.