कायदे झाले, मग दंगली का वाढल्या?

प्रश्न : मार्टिन ल्यूथर किंगची चळवळ अहिंसक होती असं आपण शाळेपासून ऐकतो. मग १९६४ आणि ६५ ला हक्कांचे मोठे कायदे पास झाल्यावर अमेरिकेत दंगली थांबायच्या सोडून वाढल्या कशा? मागितलं ते मिळाल्यावर जाळपोळ, हे उलटंच वाटतं. (एक वाचक, सांगली)

उत्तर : मलाही आधी तसंच वाटायचं. पण जरा तारखा आणि नकाशा शेजारी ठेवून बघा. मतदान हक्काच्या कायद्यावर प्रेसिडेंट जॉन्सननी सही केली ६ ऑगस्ट १९६५ ला, आणि ११ तारखेला लॉस एंजलिसच्या वॉट्स या काळ्यांच्या वस्तीत पेटलं. मधे फक्त पाच दिवस! पण तो कायदा मुख्यतः दक्षिणेसाठी होता, अलाबामा-मिसिसिपीत काळा माणूस मतदार यादीत नाव घालायला गेला की नोकरी जायची, कधी जीवही जायचा. वॉट्समधला माणूस मत देतच होता की, त्याला नडत होतं ते घर आणि पोलीस. घराचं तर असं, की १९६४ चा नागरी हक्क कायदा होऊन चारच महिने झाले आणि कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी, घर देताना भेदभाव करू नका म्हणणारा राज्याचा कायदाच मतदान घेऊन उडवला, तेही जवळपास दोन तृतीयांश मतांनी. मग दिल्लीतल्या... सॉरी, वॉशिंग्टनमधल्या सहीचं त्याला काय कौतुक असणार?

बरं, ठिणगी एवढीशीच होती. २१ वर्षांच्या एका पोराला हायवे पोलिसांनी दारू पिऊन गाडी चालवतो म्हणून अडवलं, घर जवळच, आई आली ती आधी पोरालाच ओरडली, मग झटापट झाली आणि आई, तो पोरगा आणि त्याचा भाऊ अटकेत, हे सगळं गर्दीसमोर. सहा दिवस चाललं, ३४ माणसं गेली.

डेट्रॉइटचं तर त्याहून बघण्यासारखं आहे. २३ जुलै १९६७, रविवारची पहाट, बाराव्या रस्त्यावर एका बेकायदा दारूच्या अड्ड्यावर धाड. पोलिसांना वाटलेलं आत थोडीच माणसं असतील, निघाली ८० च्या वर, कारण व्हिएतनामहून परतलेल्या पोरांची पार्टी चालू होती. एवढ्यांना न्यायला गाड्या कमी पडल्या, फेऱ्या मारता मारता तास गेला, तोवर रस्त्यावर माणसं जमली आणि पोलिसांच्या गाडीवर पहिली बाटली पडली. आता हा रस्ता एवढा गच्च का भरलेला, तर काळ्यांची जुनी वस्ती हायवे आणि पुनर्विकासासाठी पाडली होती आणि तिथले बरेच लोक इकडे येऊन राहिले होते. पोलीस जवळपास सगळे गोरे. शेवटी लष्कर आलं, रणगाडे आले, ४३ मेले, त्यातले ३३ काळे. एका घरात कुणीतरी सिगरेट पेटवली, बाहेरच्या नॅशनल गार्डना, म्हणजे राज्याच्या राखीव सैनिकांना, वाटलं बंदुकीचा जाळ, त्यांनी मशीनगन चालवली आणि चार वर्षांची मुलगी गेली.

या दंगलींच्या चौकशीसाठी जॉन्सननी नेमलेल्या कर्नर आयोगाला यामागे कुठला कट सापडला नाही. बाहेरून आलेले गुंड वगैरे पण नाही, दंगलीतला माणूस बहुतेक त्याच शहरात वाढलेला, आणि दंगलीत न पडलेल्या शेजाऱ्यापेक्षा थोडा जास्तच शिकलेला.

किंग वॉट्सला गेले तेव्हा पोरं म्हणाली, आम्ही जिंकलो. किंगनी विचारलं, कसे, माणसं मेली, वस्ती जळली. तर म्हणाली, लोकांना आमच्याकडे बघायला लागलं ना! मला या पोरांचा रागही येतो आणि उत्तरही सापडत नाही. जळलं ते शेवटी आपल्याच गल्लीतलं किराणा दुकान. पण हिंसा म्हटलं की फक्त हेच आठवायचं हे मला पटत नाही, १९६३ ला अलाबामातल्या बर्मिंगहॅममधे काळ्यांच्या चर्चमधे रविवारी बॉम्ब ठेवून चार मुली मारल्या त्या कुठल्या दंगलीत नव्हत्या.

घर देताना भेदभाव नको म्हणणारा देशभराचा कायदा काँग्रेसमधे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, अडकून पडलेला. ४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमधे किंगना गोळी घातली, शंभरावर शहरांत आग लागली, आणि ११ एप्रिलला त्यावर सही झाली.

प्रश्न : आपल्या दलित पँथरचा याच्याशी खरंच संबंध होता का, की नुसतं नाव? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : नाव तिकडूनच घेतलं, ते कुणी लपवलं नाही. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला १९६६ मधे ब्लॅक पँथर पार्टी ही काळ्यांची संघटना झाली, मुंबईत १९७२ ला ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही मंडळी उभी राहिली. पण तिकडे बघणं त्याच्या कितीतरी आधीचं आहे, १९४६ मधे बाबासाहेबांनी स्वतः अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, युनोपुढे निग्रोंचा जो अर्ज गेलाय त्याची प्रत मिळेल का म्हणून.