मार्शल प्लॅनचे पैसे नेमके कुणाच्या हातात पडले?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने मार्शल प्लॅन या मदत योजनेखाली युरोपला अब्जावधी डॉलर दिले म्हणतात. ते फुकट वाटले का? आणि रशियाने का नाही घेतले?

उत्तर : बरंचसं अनुदानच होतं, पण रोख हातात ठेवली असं नव्हे. १९४८ ते १९५२ मध्ये साधारण १३ अब्ज डॉलर गेले. समजा फ्रान्समधल्या शेतकऱ्याला अमेरिकन ट्रॅक्टर हवाय, तर तो पैसे भरणार फ्रँकमध्ये, तिकडच्या कारखान्याला डॉलर देणार अमेरिकन सरकार, आणि ते फ्रँक फ्रेंच सरकारच्या वेगळ्या खात्यात जमा, जे वीज, रेल्वे वगैरेवर खर्च करायचे पण अमेरिकेच्या संमतीनेच! म्हणजे एकाच डॉलरमध्ये शेतकऱ्याला ट्रॅक्टर, अमेरिकेतल्या कामगाराला काम आणि वॉशिंग्टनला पॅरिसच्या खर्चात बोलायची जागा. मला तरी ही रचना फार हुशारीची वाटते.

रशियालाही बोलावणं होतं बरं का. जुलै १९४७ मध्ये सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह या मदतीवरची पॅरिसची बैठक सोडून निघून गेले, कारण मदतीसोबत आपल्या अर्थव्यवस्थेचा हिशोब अमेरिकेपुढे उघडावा लागला असता. खरं वाईट वाटतं ते चेकोस्लोव्हाकियाचं. त्यांच्या मंत्रिमंडळाने पॅरिसला जायचं ठरवलं होतं, स्टालिनने त्यांच्या नेत्यांना मॉस्कोला बोलावून दम भरला आणि काही दिवसांतच होकार मागे. पुढच्या फेब्रुवारीत तिथे कम्युनिस्टांनी सत्ताच ताब्यात घेतली, आणि त्या धक्क्याने अमेरिकन काँग्रेसमधला मदतीला असलेला विरोध ढिला पडला, एप्रिलमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमननी मदतीच्या कायद्यावर सही केली.