'येस मिनिस्टर'वाले नायजेल हॉथॉर्न यांची कारकीर्द कशी होती? मालिका केली की रंगभूमीचा नट वाया जातो, हे खरं का?

प्रश्नाचा दुसरा भाग तुम्हाला कुणीतरी तोंडावर ऐकवलेला दिसतोय. मलाही ऐकवला होता. आमच्या हौशी संस्थेच्या दिग्दर्शकांनी, राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीत, सगळ्यांदेखत.

तेव्हा मला एका मालिकेत वकिलाचं छोटंसं काम मिळालं होतं. शूटिंग दिवसा, तालीम रात्री, त्यामुळे तालमीला माझी दांडी कधीच नव्हती. तरी सर म्हणाले, "कॅमेऱ्यासमोर कुजबुजायची सवय लागली की आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही. नट संपला समजायचं." माझी भूमिका गेली त्यांच्या भाच्याकडे आणि मी गेलो विंगेत, प्रॉम्प्टिंगला. प्रयोगात दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच भाचा अडकला. मी विंगेतून वाक्य दिलं, तर समोर बसलेल्या परीक्षकांनी मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं. भाच्याला ते ऐकूच आलं नव्हतं, तो घामाघूम होऊन पाण्याचा तांब्या शोधत होता. पडदा पडल्यावर बोलणी मला: "एवढ्या मोठ्यांदा प्रॉम्प्ट करतात का?"

असो. हॉथॉर्न.

जन्म कॉव्हेंट्रीचा, १९२९चा, पण वाढले केपटाऊनमध्ये. नाटकाची सुरुवातही तिथलीच. १९५१ मध्ये लंडन गाठलं, तिथे डाळ शिजली नाही, म्हणून काही वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत परतले. मग पुन्हा लंडन, दिग्दर्शिका जोन लिटलवूड यांच्या नाटक कंपनीत काम आणि वर्षानुवर्षं किरकोळ भूमिका. १९८० मध्ये 'येस मिनिस्टर', मंत्री आणि त्याच्या सचिवावरची विनोदी मालिका, सुरू झाली तेव्हा पन्नाशी गाठलेली. त्यातल्या सर हम्फ्रेने, म्हणजे सचिवाच्या भूमिकेने, त्यांना चार बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचे टीव्ही-सिनेमाचे पुरस्कार, मिळवून दिले.

आता मुद्द्याचं. ही मालिका बीबीसीच्या स्टुडिओत समोर प्रेक्षक बसवून चित्रित व्हायची. सर हम्फ्रेची ती लांबलचक, शेपटीला शेपटी जोडलेली वाक्यं हॉथॉर्न जिवंत माणसांसमोर म्हणायचे. श्वास कुठे चोरायचा, हशा पिकला तर किती थांबायचं, हे सगळं नाटकातलंच कसब. मंत्री झालेले पॉल एडिंग्टनही रंगभूमीवरचे मुरलेले नट. दोघांची जुगलबंदी बघा, टाळीसाठी कुणी कुणाचं वाक्य खात नाही.

आणि वाया गेले म्हणाल, तर पुढचं ऐका. मालिकेचा पुढचा भाग 'येस प्राइम मिनिस्टर' १९८८ मध्ये संपला. त्यानंतर 'शॅडोलँड्स' नाटकातला लेखक सी. एस. लुईस, त्यासाठी १९९१ मध्ये ब्रॉडवेवर टोनी, म्हणजे अमेरिकेतला मोठा नाट्यपुरस्कार. त्याच वर्षी लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये ॲलन बेनेट यांचं 'द मॅडनेस ऑफ जॉर्ज द थर्ड', त्यात राजाची भूमिका, त्यासाठी ऑलिव्हिए हा लंडनचा नाट्यपुरस्कार. १९९४ मध्ये त्यावर सिनेमा निघाला, राजा तेच, आणि ऑस्करचं नामांकनही. म्हणजे रंगभूमीवरचं मोठं काम आलं ते मालिकेनंतर. मालिकेने नट बिघडतो म्हणणाऱ्यांनी यावर काय ते बोलावं. मुळात ज्यांना स्वतःला मालिकेत कुणी बोलावत नाही, त्यांनाच तिचा विटाळ जास्त. आमचे सर हल्ली एका मालिकेत आजोबा आहेत. बरं करतात.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. १९९९ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीत, जपानी दिग्दर्शक निनागावा यांच्या हाताखाली त्यांनी शेक्सपिअरचा 'किंग लिअर' केला, तेव्हा समीक्षकांनी त्यांना चांगलंच धुतलं. त्याचं खापर कुणी टीव्हीवर फोडलं तर फोडू दे, मला पटत नाही. दुसरं म्हणजे, आपल्या डेली सोपची तुलना 'येस मिनिस्टर'शी करू नका. इथे सीनचे कागद कधी कधी मेकअपच्या खुर्चीत हातात पडतात आणि पाठांतराची सवय खरंच मोडते. तेवढ्यापुरतं सरांचं बरोबर होतं. मालिका मिळत असेल तर घ्या, पण स्पर्धेच्या तारखा प्रॉडक्शनकडून आधी लेखी मोकळ्या करून घ्या. तोंडी शब्दावर तिथे कुणी कुणाला सोडत नाही.