उमेदवाराची तळमळ आणि ‘प्रामाणिक’ हा शब्द

देवगड तालुक्यातील एका वाचकाचा प्रश्न आहे. वाडीतील बैठकीत एका उमेदवाराविषयी बोलणे निघाले असता एक गृहस्थ म्हणाले, ‘माणूस प्रामाणिक आहे, मत त्यालाच द्यावे’. त्यावर दुसरे म्हणाले, ‘तो तळमळीचा आहे एवढे खरे, प्रामाणिक आहे की नाही ते अजून कळायचे आहे.’ तळमळीने बोलणारा माणूस प्रामाणिकच असणार, मग हा भेद कशासाठी, आणि तळमळ खरी असल्यास तेवढ्यावर मत द्यावे का, असे वाचकाने विचारले आहे. माझ्या मते दुसऱ्या गृहस्थांनी केलेला भेद भाषेच्या दृष्टीने बरोबर आहे आणि मत ठरवतानाही तो धरून चालावे.

तळमळ, कळकळ आणि पोटतिडीक हे तिन्ही शब्द बोलणाऱ्याच्या आतल्या अवस्थेचे आहेत, परंतु त्यांची दिशा एक नाही. तळमळ ही ज्याची त्याला होते. आजारी माणूस अंथरुणावर तळमळतो, आणि राजकारणातला माणूस उमेदवारीसाठीही तळमळू शकतो. कळकळ मात्र दुसऱ्याविषयी असते. ‘गावाबद्दल कळकळ’ असे आपण सहज म्हणतो, ‘खुर्चीसाठी कळकळ’ असे कोणी म्हणत नाही. तिथे तळमळच येते. पोटतिडीक हा शब्द तर बहुधा बोलण्याच्या रीतीपुरताच वापरला जातो. म्हणून उमेदवार तळमळीचा आहे असे ऐकले, की ती तळमळ कोणासाठी, हा पुढचा प्रश्न हा शब्दच आपल्याला विचारायला लावतो.

‘प्रामाणिक’ या शब्दाचे घर वेगळे आहे. तो ‘प्रमाण’ या शब्दापासून आला, आणि ज्याला प्रमाणाचा आधार आहे, जे पडताळून पाहता येते, ते प्रामाणिक, असा त्याचा संस्कृतातील अर्थ. मराठीत तो माणसाला लागला आणि त्यात सचोटी, विश्वासूपणा असे अर्थ आले. पुढे ‘माझे प्रामाणिक मत असे आहे’ यासारखे प्रयोग रूढ झाले आणि ‘मनापासूनचे’ एवढाच अर्थ उरला. आपल्याकडे विचारालाही मत म्हणतात आणि मतपेटीत टाकतो त्यालाही मतच म्हणतात, त्यामुळे हा गोंधळ अधिकच वाढतो. मनापासून असणे ही प्रामाणिकपणाची अर्धी बाजू आहे. उरलेली अर्धी पडताळणीची आहे, आणि बैठकीतल्या दुसऱ्या गृहस्थांना तीच हवी होती.

या ठिकाणी न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातील एक व्याख्या फार मोलाची वाटते. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे, म्हणजे खऱ्या ज्ञानाची साधने, तेथे मानली आहेत, आणि शब्द म्हणजे ‘आप्तोपदेश’, म्हणजे आप्ताचे सांगणे, असे सूत्रात म्हटले आहे. आप्त कोण, याचे उत्तर भाष्यकार वात्स्यायन देतो: ज्याने विषय स्वतः जाणून घेतला आहे आणि जसा जाणला तसाच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. यातील दुसरी अट मनाच्या खरेपणाची आहे, पण पहिली अट ज्ञानाची आहे. मनाने कितीही खरा असला, तरी विषय न जाणणाऱ्याचे बोलणे प्रमाण ठरत नाही.

किनाऱ्यावरचेच उदाहरण घेऊ. पर्ससीन जाळी (माशांच्या थव्याला वेढणारी मोठी जाळी) आणि एलईडी दिव्यांची मासेमारी बंद झाली पाहिजे, असे एखादा उमेदवार बंदरावरच्या सभेत डोळ्यांत पाणी आणून सांगतो. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे पारंपरिक जाळे, ओढली गेली असेल, तर त्याच्या कळकळीवर शंका घेण्याचे कारणच नाही. परंतु किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचे नियमन राज्याकडे आहे आणि त्यासाठी 1981 चा राज्याचा कायदा आहे, त्याच्या पलीकडचे पाणी केंद्राच्या अखत्यारीत येते, हे त्याला ठाऊक आहे का? तो विधानसभेला उभा असून पलीकडच्या पाण्याचे वचन देत असेल, तर ते खोटे बोलणे नव्हे, तरीही ते प्रामाणिक बोलणे नव्हे. गस्तीनौका किती लागतील, मत्स्यव्यवसाय खात्याला माणसे कुठून मिळतील, हे तो सांगू लागला म्हणजे त्याची कळकळ प्रमाणाला भिडली असे म्हणावे.

केवळ कळकळीवर निवाडा होत नाही याचे आणखी एक कारण आहे. जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प असो वा नाणार-बारसूची रिफायनरी असो, कोकणाविषयी खरी कळकळ असलेली माणसे दोन्ही बाजूंना होती. दोघेही मनापासून बोलत असताना कळकळ कोणाच्या बाजूने कौल देणार?

पूर्वीच्या राजापूर लोकसभा मतदारसंघाचा इतिहासही हेच दाखवतो. बॅ. नाथ पै यांच्यानंतर 1971 पासून सलग पाच वेळा निवडून आलेले प्रा. मधु दंडवते यांच्या सचोटीविषयी विरोधकही आदराने बोलत. ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाले, आणि कोकण रेल्वेची मागणी त्यांनी नुसत्या भावनेवर न सोडता आकड्यांनिशी लावून धरली. त्याच दंडवत्यांना 1991 मध्ये मतदारांनी निवडून दिले नाही. माणसाचा मान ठेवून मत दुसरीकडे देता येते, हे मतदाराचे स्वातंत्र्य आहे, आणि मला ते योग्य वाटते.

सचोटीचा मात्र अपवाद करावा लागेल, कारण सचोटी हा व्यवहारातला शब्द आहे आणि व्यवहार तपासता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 मधील निकालामुळे उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण आणि फौजदारी खटले शपथपत्रात द्यावे लागतात. ते वाचायला कोणालाही मिळते. जिथे सचोटीच नाही, तिथे पुढचे काही पाहण्याची गरज नाही, असे माझे ठाम मत आहे. ‘निष्ठावंत’ या शब्दाचा येथे उपयोग नाही. आजच्या वापरात ती निष्ठा पक्षाशी असते.

तेव्हा वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर असे: खरी कळकळ असलेल्या उमेदवाराचे म्हणणे आधी आणि लक्षपूर्वक ऐकावे, एवढा अधिकार ती त्याला देते, मताचा अधिकार देत नाही. बैठकीत हे बोलायचे झाल्यास ‘प्रामाणिक’ शब्दावरून वाद घालण्यापेक्षा ‘सप्रमाण’ हा शब्द वापरावा. ‘तो कळकळीने बोलतो, यात वाद नाही, सप्रमाण बोलतो का, ते पुढच्या सभेत विचारू,’ असे म्हटले तर पहिल्या गृहस्थांनाही ते मान्य व्हावे.