दोन्ही आज्यांना मारता येईल अशी हाक

प्रश्न: ताई, मी सांगलीची, नवरा जर्मन. श्टुटगार्टला राहतो. सातवा महिना लागलाय, मुलगी आहे. आईला माझ्या गेलेल्या आजीचंच नाव हवंय, जाह्नवी. सासूबाईंनी ते कागदावर लिहून फ्रिजला लावलंय, पण तोंडात ‘यानवी’च येतं. परवा व्हिडिओ कॉलवर आईने ते ऐकलं आणि गप्पच झाली. नवऱ्याला वाटतं, नावावरून मुलगी आहे हे कळलं नाही तर नोंदणी अडेल. नणंद मध्ये पडत नाही. मी काय करू?

उत्तर: अगं, तो फ्रिजवरचा कागद मला फार आवडला. न जमणारं नाव जी बाई येता-जाता घोकतेय, तिला ते नकोसं कसं असेल? ‘जे’ अक्षर जर्मनमध्ये ‘य’ वाचतात, एवढंच आहे ते. आईला हे आजच सांग.

तरीही रोजच्या हाकेला जाह्नवी नको, असंच मी म्हणेन. आपल्याकडेसुद्धा त्याचं सर्रास ‘जान्हवी’ होतं. तिथे तर शाळेत, दवाखान्यात पोरीला जन्मभर आपलं नाव दुरुस्त करत बसावं लागेल. जाह्नवी म्हणजे गंगा. मग दुसऱ्या नदीचं नाव घे ना, रेवा! आपली नर्मदा. त्यांच्या ‘एव्हा’च्या शेजारचंच वाटेल त्यांना. फक्त स्पेलिंगमध्ये ‘व्ही’ऐवजी ‘डब्ल्यू’ लिही. ‘व्ही’चा तिथे बऱ्याचदा ‘फ’ होतो, ‘डब्ल्यू’चा मात्र आपला सरळ ‘व’. मीरा, तारा, इरा हीसुद्धा सोपी आहेत, पण त्यांत तुझी आजी नाही. (उमा मलाही आवडतं, पण तिकडे आजीला ‘ओमा’ म्हणतात. एका घरात दोघी वळून बघतील.)

आणि जाह्नवी सोडायचं नाहीच. जन्मदाखल्यावर दोन नावं लावता येतात. रेवा जाह्नवी असं लाव. पाळण्यातलं एक, हाकेचं एक, हे आपल्याला कुठे नवीन आहे?

नवऱ्याची भीती जुन्या काळातली आहे. त्याला सांग, २००८ साली तुमच्याच कार्ल्सरूच्या घटना न्यायालयाने ‘किरण’ हे एकच नाव एका मुलीला ठेवायला परवानगी दिली. नावावरून मुलगा की मुलगी हे कळलंच पाहिजे, असा कायदा नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

दवाखान्यात लगेच फॉर्म पुढे आला तरी घाबरू नकोस. जन्म आठवड्याच्या आत कळवावा लागतो, पण नाव ठरलेलं नसेल तर ते कळवायला महिना मिळतो. बाराव्या दिवशीचं बारसं त्यात आरामात बसतं.

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे तुझ्या त्या मध्ये न पडणाऱ्या नणंदेचा. तिला आतापासून ‘कुर्र’ शिकवायला घे. आधी रेवा म्हणायचं, मग जाह्नवी. ‘यानवी’ झालं तरी त्या दिवशी कुणी दुरुस्त करायचं नाही, आईनेसुद्धा नाही.